तिचं नाव त्याला विचार

ये गं, आत ये. साड्यांचं ते बोचकं जरा भिंतीकडे सरकव आणि पंख्याखाली बस. धागे कापायचे राहिले तर राहू देत, शेठचा माणूस उद्या येईल. काल तू अर्ध्या जिन्यातूनच परत फिरलीस. पदर तोंडाशी धरला होतास, पण मी वरून पाहिलं. रात्री फोनवर तुटक तुटक सांगितलंस, तेवढ्यावरून मला कळलं. पुढचं फोनवर बोलण्यासारखं नव्हतं. तुमच्या एका खोलीत सहा माणसं, कोण कुठून ऐकेल सांगता येत नाही.

झालं ते पुन्हा सांगून स्वतःला त्रास करून घेऊ नकोस. दिवाळीत चौटा बाजारातून मीच तुझ्या लेकाला ती बाहुली घेऊन दिली होती. काळ्या कपड्यांतली, लाल केसांची ती बाई. हल्क होता, स्पायडरमॅन होता, तरी पोरानं बोट तिच्याकडेच केलं. काल आबांनी, तुझ्या सासऱ्यांनी, ती त्याच्या हातातून ओढली आणि गॅलरीतून खाली टाकली. ‘आंडोरना हातमा भावली?’ म्हणाले. पोराच्या हातात बाहुली! शेजारची दोन पोरं हसली. जावईबापू मोबाईलमध्ये बघत गप्प बसले. रात्री अंथरुणात लेकानं तुला विचारलं, ‘आई, मी पोरगी आहे का?’

‘पण ताई, तो रडला नाही हं,’ असं तू मला दोनदा सांगितलंस. तुला त्याचं कौतुक वाटलं असेल. मला तेच खुपलं. सहा वर्षांचं पोर आवडती वस्तू डोळ्यांदेखत गेल्यावर रडत नाही, तेव्हा ते रडू आत दाबायला शिकत असतं. हे मी आधी एकदा पाहिलंय. आपल्याच घरात.

तू तेव्हा पाळण्यात होतीस. आपण लिंबायतला राहायचो. अमळनेरच्या सखाराम महाराजांच्या यात्रेतून आजीनं माझ्यासाठी भातुकली आणली होती. चूल, तवा, पोळपाट, बोटाएवढी कढई, सगळं. दादा पाच वर्षांचा होता. त्याला त्या भातुकलीचं वेड लागलं. ‘मी भाकरी करतो, तू कामावर जा,’ असं मला सांगायचा. मी दाराबाहेर जाऊन परत यायचे, तोवर त्यानं मुरमुरे-गुळाचं ताट वाढून ठेवलेलं असायचं. बाहुलीला आधी भरवायचा, मग मला. तिचं पोट दुखतंय म्हणून एकदा त्यानं तिला ओवा चारला होता.

एके दिवशी बाबांच्या कारखान्यावरची माणसं घरी आली. दादा चुलीपुढं बसलेला. त्यांतला एक जण म्हणाला, ‘हा तर बायल्या निघाला!’ सगळे हसले. बाबा हसले. आणि छकू, मीही हसले. मी मोठ्यांच्या बाजूला उभी होते आणि त्यांच्यातली एक झाल्यासारखं मला वाटलं. दादानं हातातली कढई हळूच खाली ठेवली. उठून बाहेर गेला. त्यानंतर त्यानं त्या भातुकलीला कधी हात लावला नाही.

आई गेली तेव्हाचा दादा तुला आठवतो ना? सगळी धावपळ त्यानं केली. गाडी, लाकडं, गावाकडे निरोप, दशक्रियेचं सामान. डोळ्यांतून टिपूस आलं नाही. आजही त्याला विचारलं, ‘बरा आहेस ना?’ तर ‘हं’ म्हणतो आणि विषय बदलतो. एका हसण्यानं माणूस असा होतो, असं मी म्हणणार नाही. तसं हसणं त्याला पुढं शाळेत भेटलं असेल, गल्लीत भेटलं असेल, कामावर भेटलं असेल. पण पहिल्यांदा हसणाऱ्यांत मी होते, ही गोष्ट मी इतकी वर्षं कुणाला सांगितली नव्हती. आज तुला सांगते, कारण तुझ्या घरात तीच वेळ आली आहे आणि या वेळी आपण दोघी मोठ्या आहोत.

आधी त्याच्या वयाचं समजून घे. दोन-तीन वर्षांचं झालं की मूल स्वतःला मुलगा किंवा मुलगी म्हणायला लागतं. पाच-सहाव्या वर्षी ते याबद्दलचे सगळ्यांत कडक नियम करतं. लांब केस म्हणजे मुलगी, पँट म्हणजे मुलगा, गुलाबी रंग मुलींचाच. कपडे बदलले, केस कापले की माणूसही बदलतो, असं या वयातल्या कित्येक मुलांना खरंच वाटतं. सात-आठ वर्षांनंतर हे नियम आपोआप सैल व्हायला लागतात. आपण मोठ्यांनी ते आणखी आवळले नाहीत, तर.

म्हणजे त्यानं तुला जे विचारलं, ते या वयाचं अगदी सरळ कोडं आहे. हातातल्या वस्तूनं आपण बदललो की काय, एवढंच त्याला कळत नाहीये. त्याला भाषण नको आहे. आज रात्री त्याच्या शेजारी आडवी हो आणि सांग, ‘नाही रे राजा, तू मुलगाच आहेस. खेळण्यानं कुणी बदलत नाही.’ मग गप्प राहा. त्याला आणखी काही विचारायचं असेल तर तो विचारेल.

आणि आपल्या नजरेबद्दलही थोडं सांगते. १९७६ साली अमेरिकेत दोन संशोधकांनी एका नऊ महिन्यांच्या बाळाची फिल्म लोकांना दाखवली. बाळापुढं डबा उघडतो, आतून बाहुलं टुणकन बाहेर येतं आणि बाळ रडतं. काहींना सांगितलं होतं की हा मुलगा आहे, काहींना सांगितलं होतं की ही मुलगी आहे. मुलगा समजून पाहणाऱ्यांना ते बाळ चिडलेलं दिसलं, मुलगी समजून पाहणाऱ्यांना घाबरलेलं. फिल्म एकच, बाळ एकच, रडणंही एकच. आपण पोराकडं बघतो तेव्हा आधीपासून मनात असलेलंच किती बघतो, हे त्यावरून मला कळलं. आबांना काल ‘आंडोरच्या हातात भावली’ दिसली. पोराच्या हातात मात्र त्याच्या मते सगळ्यांत शूर माणूस होतं.

ही बाई कोण, हे मी माझ्या लेकीकडून नीट समजून घेतलं. ब्लॅक विडो. अ‍ॅव्हेंजर्स टोळीतली. तिच्याकडे हल्कसारखं अंग नाही, लोखंडी चिलखत नाही. तिला उडता येत नाही. शिकलेलं अंगात मुरवून आणि डोकं वापरून ती त्या सगळ्यांच्या बरोबरीनं लढते. तुझं पोर वर्गात सगळ्यांत बारीक आहे ना? त्याला ती का आवडली असेल, याचा मी खूप विचार केला.

चौटा बाजारात एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. खोक्यातल्या सेटमध्ये ती नव्हती. चार-पाच गडी एकत्र बांधलेले आणि ती वेगळी, सुट्या ढिगात. पुढं कळलं की जगभर असंच झालेलं आहे. २०१५ मध्ये अ‍ॅव्हेंजर्सचा ‘एज ऑफ अल्ट्रॉन’ आला. त्यात विमानातून मोटारसायकलवर बसून झेप घेते ती हीच. त्या प्रसंगाचं खेळणं निघालं, तेव्हा मोटारसायकलवर कॅप्टन अमेरिका बसवलेला होता. तिची झेप त्याला देऊन टाकली. त्याच सुमाराला हल्कचं काम करणाऱ्या मार्क रफेलोनं जाहीरपणे मागणी केली होती की आपल्या मुली आणि भाच्यांसाठी ब्लॅक विडोच्या वस्तू जास्त काढा. त्याच वर्षी ‘स्टार वॉर्स’च्या नव्या चित्रपटाची नायिका रे हीसुद्धा त्या चित्रपटाच्या मोनोपोली खेळातून गायब होती. लोकांनी ओरड केली, तेव्हा कंपनीनं ती नंतर घातली. ‘आयर्न मॅन ३’चा दिग्दर्शक शेन ब्लॅक यानं २०१६ मध्ये सांगितलं की त्यांच्या गोष्टीत खलनायक आधी बाई होती. बाईचं खेळणं खपणार नाही, असं ठरल्यामुळं ती बदलून पुरुष केला. आता बघ, दुकानात ती ठेवायचीच नाही आणि मग म्हणायचं की पोरांना ती नको असते.

‘भावली’ या शब्दाचीही एक गंमत आहे. १९६४ मध्ये अमेरिकेत हॅस्ब्रो कंपनीनं जी. आय. जो नावाचा सैनिक काढला. आपल्या लहानपणी फनस्कूलनं इकडे आणले ते त्याच नावाचे छोटे सैनिक. मूळचा सैनिक सुमारे फूटभर उंचीचा होता, हातपाय वळायचे, अंगावरचे गणवेश काढता-घालता यायचे आणि वेगळे विकत मिळायचे. म्हणजे सगळं बार्बीसारखंच. पण बाहुली म्हटलं तर बाप मुलांसाठी घेणार नाहीत, म्हणून कंपनीनं तिला नवं नाव दिलं, ‘अ‍ॅक्शन फिगर’. तेव्हा आबांच्या मते जे खरं मर्दानी खेळणं, तो सैनिकही मुळात बाहुलीच आहे. पोरं तेव्हापासून बाहुल्यांशीच खेळतायत. फक्त नाव बदलून दिलं की लाज गेली.

आता जावईबापूंकडे येऊ. ते गप्प बसले म्हणून तुला त्यांचा राग आलाय. पण बारा बारा तास एम्ब्रॉयडरीच्या मशीनवर ते काय करतात? राणी रंगाच्या, पोपटी रंगाच्या साड्यांवर टिकल्या बसवतात. खाली राहणारे ओडिशाचे भाऊ लूमवर साडीचं कापड विणतात. कुणी रंगवतं, कुणी छापतं. रिंग रोडच्या मार्केटात तरणीताठी पोरं दिवसभर साड्यांच्या घड्या घालतात. अख्खं सुरत बायकांच्या साडीवर जगतं आणि ती साडी वाटेत बहुतेक पुरुषांच्याच हातांतून जाते. त्यांना कुणी बायल्या म्हणत नाही, कारण महिन्याला पगार मिळतो. लग्नात हजार पानांचा स्वयंपाक करणारा आचारी पुरुषच असतो आणि आपण त्याला महाराज म्हणतो. तेच काम पाच वर्षांच्या पोरानं मुरमुरे घेऊन प्रेमानं केलं की ते हसण्यावारी जातं. जावईबापूंना एवढंच दाखव. भांडू नकोस. रात्री जेवताना सहज म्हण, ‘तुमच्या हातची साडी नेसून कुणीतरी आज नवरी झाली असेल.’ त्यांना आपल्या हातांचा अभिमान वाटू दे. मग ते पोराच्या हातांकडं वेगळ्या नजरेनं बघतील.

आबांवर मात्र मला राग धरता येत नाही. हाती काही नसताना ते ताप्ती लाइनच्या गाडीनं इकडे आले. तापीकाठच्या झोपडीत वीस वर्षं काढली. मग कोसाडच्या आवासात खोली मिळाली, तेव्हा कुठे डोक्यावर पक्कं छत आलं. ज्या पुरुषांमध्ये ते राबले, त्यांच्यात मऊ माणसाचं काय होतं हे त्यांनी पाहिलंय. पोराला कुणी मऊ समजू नये, मारू नये, याची त्यांना भीती आहे. ती भीती खरी आहे आणि तिच्या मुळाशी मायाच आहे. म्हणून त्यांच्याशी बोलताना जी. आय. जो आणि अमेरिका काढू नकोस. त्यांना कानबाईवरून समजेल.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी तुमच्याकडे कानबाई बसते, तेव्हा काय होतं आठव. नारळाला नथ घालायची, दागिने घालायचे, नवं वस्त्र नेसवायचं. गेल्या वर्षी नथीचा फास बसेना, तेव्हा चष्मा लावून ती कुणी बसवली? आबांनीच. किती हळुवार बसवली. रात्रभर जागले, सोमवारी वाजतगाजत तिला विसर्जनाला नेलं आणि नाचले. त्या दोन दिवसांत नथ घातलेलं ते रूप हातात धरताना त्यांना कधी लाज वाटली? चैत्रात वणीच्या गडावर चालत गेलेत ना ते? सप्तशृंगी समोर उभी राहते तेव्हा अठरा हात आणि प्रत्येक हातात काहीतरी. तिच्यापुढं आपल्या खानदेशातले पहिलवान आडवे होतात. मग एका नातवाच्या मुठीत एक लढणारी बाई असली, तर बिघडलं कुठं?

पण मला एवढ्यावर थांबायचं नाही, कारण इथं एक खोच आहे. देवीपुढं वाकणारे सगळे घरी येऊन बायकोला नीट वागवतात असं नाही, हे तुलाही माहीत आहे आणि मलाही. देवी मखरात असते. तिला हात जोडून आपण मागं येतो. खेळणं हातात असतं. पोर त्याला आपला आवाज देतं. ‘थांब, मी येते!’ असं ते तिच्या वतीनं बोलतं. ती पडली की त्यालाच लागतं, ती जिंकली की तोच जिंकतो. घटकाभर तो तिच्या जागी उभा असतो. पूजेत हे होत नाही. खेळात होतं.

आपल्या मुली हे लहानपणापासून करतात. शक्तिमान लागायचा तेव्हा मीही हात वर करून गोल फिरायचे. राम, कृष्ण, शिवाजी महाराज, सगळे मी होऊन पाहिलेत, तूही पाहिलेस. पुरुषाच्या जागी उभं राहून जग कसं दिसतं, याचा सराव मुलींना फुकट मिळतो. मुलाला मात्र बाईच्या जागी उभं राहायची वेळ कुणी येऊ देत नाही. मग तो पंचवीस वर्षांचा होतो, लग्न करतो आणि बायको का रडतेय हे त्याला समजत नाही. कसं समजणार? तो कधी घटकाभरसुद्धा तिथं उभा राहिलेला नाही. तुझ्या पोरानं आपणहून ती जागा निवडली होती गं. ती त्याच्या हातातून ओढून घेऊ नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

आणखी एक. काल गॅलरीत माझी लेकही होती. आठ वर्षांची. तिनं आबांचं ऐकलं. घरी येऊन मला म्हणाली, ‘मुलीची बाहुली घेतली तर मुलाला लाज का वाटते? मी तर बॅट घेते.’ मी काय उत्तर देऊ? तिनं बॅट घेतली की आपण म्हणतो, ‘पोरगी मुलासारखी आहे,’ आणि ते कौतुक असतं. मुलाला ‘मुलीसारखा’ म्हटलं की ती शिवी होते. दोन्ही वाक्यं पोरीच्या कानांवर पडतात आणि त्यातून आपली किंमत ती बरोबर काढते. २०१७ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास आला होता. पाच वर्षांच्या मुली ‘खूप खूप हुशार’ कोण असं विचारल्यावर मुलांइतक्याच खात्रीनं आपल्यातल्यांकडे बोट दाखवतात. सहा-सात वर्षांच्या झाल्या की ती खात्री कमी होते. एका वर्षात त्यांना हे कोण शिकवतं? काल गॅलरीत जे झालं, तसल्या शंभर गोष्टी शिकवतात. म्हणून पोराचं खेळणं वाचवणं हे माझ्या पोरीचंही काम आहे.

चिडवण्याची भीती तुला वाटते ती उगाच नाही. लेगो कंपनीनं २०२१ मध्ये सात देशांतल्या मुलांना आणि पालकांना विचारून एक पाहणी केली. आपला देश त्यात नव्हता. तिथं १०० पैकी ७१ मुलगे म्हणाले की मुलींचं समजलं जाणारं खेळणं घेतलं तर आपली टिंगल होईल अशी भीती वाटते. मुलींमध्ये उलट बाजूनं ती भीती ४२ जणींना होती. म्हणजे या कुंपणाची तार मुलांच्या बाजूला जास्त बोचरी आहे. आपल्या पोरांना ती बोचत नाही असं समजू नये.

साने गुरुजींना हे केव्हाच कळलं होतं. अमळनेरच्या शाळेत शिकवणारे आपले गुरुजी. १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिली. त्यातली पहिलीच गोष्ट काय आहे, आठव. वटसावित्रीचं व्रत, आई हिवतापानं अशक्त झालेली, तिला वडाला प्रदक्षिणा घालवेनात. ती श्यामला म्हणते, माझ्या वतीनं तू घाल. आणि श्यामला लाज वाटते. बायका हसतील, पोरं चिडवतील. आई त्याला समजावते की लाज वाईट कामाची धरायची असते, असल्या कामाची नाही. तो जातो. एवढ्या मोठ्या पुस्तकाची सुरुवात गुरुजींनी एका मुलाच्या याच लाजेपासून केली. बायकांचं म्हटलेलं काम आईच्या मायेपोटी करायला निघालेला मुलगा, आणि हसणारं जग. नव्वद वर्षं झाली. आबा शाळेत होते तेव्हा त्यांनीही ते वाचलं असेल. त्यांना ती गोष्ट नातवाला वाचून दाखवायला सांग. तू काही बोलू नकोस. गोष्टच बोलेल.

आता तुझ्या मनातली खरी भीती मी बोलून टाकते, कारण तू ती बोलणार नाहीस. ‘पोरगं पुढं तसलं तर निघणार नाही ना?’ छकू, बाहुलीनं कुणी तसं होत नाही आणि बाहुली फेकून कुणाचं तसं असणं थांबत नाही. तो मोठा होऊन ज्या कुणावर प्रेम करेल, जसा कुणी असेल, तो आत्ता तुझ्या कुशीत झोपतो तोच असेल. फरक एवढाच पडेल की अडचणीच्या वेळी तो घरी येईल, की घरापासून लपेल. ते मात्र आत्ताच ठरतंय. दादा आपल्यापासून लपला. आपलं पोर लपायला नको.

आता काय करायचं ते ऐक. त्याला मुद्दाम बाहुल्या आणून देऊ नकोस. त्याला हल्क हवा असेल तर हल्क घे, बस हवी असेल तर बस घे. त्याच्या हातात कुणाचाही झेंडा द्यायचा नाही, आपलाही नाही. खेळणं शाळेत न्यायचं की नाही हे त्याचं त्याला ठरवू दे. ‘नेलंस तर चिडवतील’ असं म्हणून घाबरवू नकोस आणि ‘लपवून ठेव’ असंही म्हणू नकोस. चिडवलंच तर काय म्हणायचं, हे एकदा घरात खेळ खेळून शिकव. तू चिडवणारं पोर हो. त्याला म्हणायला सांग, ‘ती माझ्या टीममध्ये आहे.’ बस्स. लहान पोरं छोट्या, ठाम उत्तरापुढं लवकर गप्प होतात. लांबलचक खुलासा करणाऱ्याला जास्त चिडवतात.

शाळेतल्या बाईंशी बोल, पण तक्रार म्हणून नको. त्यांना सांग, पोर हल्ली गप्प आहे, लक्ष ठेवा. महाराष्ट्रात २०१९ मध्ये बालभारतीनं दुसरीच्या पुस्तकातली चित्रं बदलली. त्यात आई-बाबा दोघं मिळून भाजी निवडतात, बाई डॉक्टर असते. मामेभावाच्या पोराकडे ते पुस्तक असेल, मागवून घे आणि नुसतं घरात पडू दे. पोर चाळेल.

आणि मन बदलतं, यावर विश्वास ठेव. हरियाणात सरकारी शाळांतल्या सातवी ते दहावीच्या मुलांशी अडीच वर्षं वर्गात याच गोष्टी बोलल्या गेल्या. मुलगी, मुलगा, घरकाम, शिक्षण, सगळं. नंतर पाहिलं तर मुलांचे विचार बदलले होते आणि मुलगे घरातलं काम जास्त करतो असं सांगत होते. आपल्याहून कडक रीतीच्या मुलखात तेरा-चौदा वर्षांची पोरं बदलतात. आपलं तर सहाचं आहे.

थांब, चहा राहिला ना. घे, गार होईल.

एक गोष्ट शेवटी सांगायची म्हणून ठेवली होती. आज सकाळी मी खाली जाऊन तिला शोधली. पार्क केलेल्या टेम्पोच्या चाकाशी पडली होती. उजवा हात खांद्यातून निखळलेला, हात दोन हात दूर, धुळीत. घरी आणून धुतली आणि टेबलावर ठेवली. दुपारी दादा आला. रेशनचं काहीतरी विचारायला आला होता. त्यानं ती पाहिली. मी सगळं सांगितलं. आबांचं, पोराच्या प्रश्नाचं. तो काही बोलला नाही. फेविक्विक आहे का, विचारलं. मग ट्यूबलाइटखाली बसून अर्धा तास तो हात जोडत होता. आधी सुईनं जुना डिंक खरवडला, मग खांदा फिरेल इतपतच थेंब टाकला, मग बोटांनी धरून बसला. वाळेपर्यंत. भातुकलीच्या कढईत गूळ ढवळताना तो असाच वाकायचा, हे मला एकदम आठवलं, आणि मी स्वयंपाकघरात निघून गेले.

जाताना दारात थांबला. म्हणाला, ‘हिला तो काय म्हणून हाक मारतो?’ मी म्हटलं, ‘ब्लॅक विडो.’ तर म्हणाला, ‘ते खोक्यावरचं. त्यानं ठेवलेलं नाव काय?’

मला माहीत नव्हतं. तुलाही माहीत नसेल. ही घे, पदरात नीट गुंडाळ. रात्री त्याच्या उशाशी ठेव आणि आधी तिचं नाव विचार. आणि मला फोन कर. दादाला सांगायचंय.